हा आणि यानंतरचे सगळे

फोनच्या कॅलेंडरमधला रिपीट होणारा एखादा इव्हेंट डिलीट करायला गेलं ना, की तो विचारतो नक्की काय काढू, फक्त हा, हा आणि यानंतरचे सगळे, की मागचे पुढचे सगळेच. ३१ डिसेंबरला रात्री त्या तीन ओळींकडे बघत मी किती वेळ बसले होते ते मला नाही सांगता येणार. इव्हेंटचं नाव 'दादाला फोन', दर रविवारी रात्री नऊ, संपायची तारीख टाकलेलीच नाही.

दादा १७ एप्रिलला गेला. हार्ट अटॅक, वय एक्कावन्न, आजारी वगैरे काही नव्हता. गुरुवार होता, त्याच्या आधीच्या रविवारी आम्ही चाळीस मिनिटं बोललो होतो आणि त्यातली निम्मी तरी आईच्या चष्म्याचा नंबर परत तपासायला हवा का यावर गेली होती. शेवटचं बोलणं म्हणून माझ्याकडे तेवढंच आहे, आईचा चष्मा. आधी मला याचं फार वाईट वाटायचं, काहीतरी महत्त्वाचं बोलायला हवं होतं असं वाटायचं. आता नाही वाटत, कारण शेवटचा फोन आहे हे माहीत असतं तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता, आणि चष्म्यावर तरी आम्ही दोघं नेहमीसारखे, अगदी आमच्यासारखे बोललो.

त्यानंतर तो रिमाइंडर ३७ वेळा वाजला. नऊला दहा कमी असताना वाजतो, दादानेच एकदा फोन हातात घेऊन तसा सेट करून दिला होता कारण मी कायम विसरायचे. पहिल्या रविवारी वाजला तेव्हा घरात माणसं होती, मी फोन उलटा ठेवला. नंतर नंतर वाजायच्या आधीच मी हातातलं काम सोडून उठायला लागले. काढून टाकायला एक मिनिट लागलं असतं पण हात होत नव्हता, आणि तो काढायचा की ठेवायचा हे ठरवताना मला या अख्ख्या वर्षातून जावं लागलं, म्हणून हे सगळं लिहितेय.

एक गोष्ट आधी सांगते. भाऊ किंवा बहीण गेली की लोक तुम्हाला विचारत नाहीत तुझं कसं चाललंय, ते विचारतात आई कशी आहे, वहिनी कशा आहेत, मुलगा काय करतो. आणि सांगतात, 'आईला सांभाळ आता, तूच आहेस.' कोणी वाईट हेतूने बोलत नाही, मला माहितीये, मी पण दुसऱ्यांना असंच बोललेली आहे. पण सहा महिने मी सगळ्यांना सांभाळत होते आणि माझं दुःख कुठे बसवायचं तेच कळत नव्हतं, कारण त्याला रांगेत जागाच नव्हती, आधी आई, मग वहिनी, मग भाचा. नंतर वाचताना कळलं की याला नाव आहे. केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने १९८९ मध्ये मांडलंय, की काही दुःखांना आजूबाजूची माणसं पूर्ण मान्यताच देत नाहीत, ती उघडपणे करायची सोय नसते. वाचून काही बरं झालं नाही पण निदान मी स्वार्थी नाहीये एवढं कळलं.

तसं वाचलं मी बरंच. त्या पाच पायऱ्या सगळ्यांना माहीत असतात, आधी माणूस मानायलाच तयार होत नाही, मग राग, मग देवाशी घासाघीस, मग खचणं, मग स्वीकार. ऑगस्टमध्ये मी खरोखर कागदावर लिहून बघत होते मी कितवीवर आहे, आणि एका दिवसात मी पहिलीवरून चौथीवर आणि परत दुसरीवर जायचे, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय असं वाटायचं. त्या पायऱ्या एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या त्या मुळात स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. हे मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं.

ऑक्टोबरमध्ये काउन्सेलरकडे गेले. मला एकच भीती होती, सहा महिने झाले आणि मी अजून रात्री उठून त्याचे जुने व्हॉइस मेसेज ऐकते, हे नॉर्मल आहे का. त्यांनी शांतपणे सांगितलं की लांबलेलं दुःख असं एक निदान खरंच आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्यासाठी किमान सहा महिने धरतात आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकाच्या २०२२ च्या आवृत्तीत मोठ्यांसाठी किमान एक वर्ष, पण नुसते महिने मोजून ते ठरत नाही, रोजचं जगणं किती अडलंय ते बघावं लागतं. माझं अडलं नव्हतं. ज्यांचं अडलंय त्यांनी मात्र वाट बघत बसू नये, दाखवावं, त्यावर उपचार आहेत.

आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला आजपर्यंत पुरतेय. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या दोघांनी १९९९ मध्ये मांडलेलं, की माणूस गेल्यावर दोन कामं असतात, एक त्या जाण्याला सामोरं जायचं, रडायचं, आठवायचं, आणि दुसरं बदललेलं आयुष्य लावून घ्यायचं, बँकेची कामं, नवीन जबाबदाऱ्या, कधी कधी नुसतं हसणं सुद्धा. आणि माणूस या दोन्हींमध्ये हेलकावे खातो, खायलाच हवेत, एकाच टोकाला अडकला तर त्रास. म्हणजे सोमवारी ऑफिसात मी मनापासून हसले आणि मंगळवारी त्याच्या गाडीच्या रंगाची गाडी दिसल्यावर रडले, तर मी खोटी नाहीये. हेलकावा म्हटलं त्यांनी, हाच शब्द, तो मला फार आवडला.

मग डिसेंबर आला. डिसेंबरच्या शेवटी सगळेच म्हणायला लागतात, झालं गेलं विसरून जा, नवीन वर्ष, नवीन सुरुवात. आणि मला त्या शब्दांनीच धडधडायला लागायचं, का ते मला आधी समजेना. एका रात्री समजलं. या वर्षात दादा होता. साडेतीन महिने का होईना पण या वर्षात तो होता, आमचं बोलणं झालं होतं, जानेवारीत त्याने मला नवीन वर्षाचा मेसेज केला होता. येणाऱ्या वर्षात तो एक दिवससुद्धा नसणार. कोणी विचारलं की दादा कधी गेला तर आत्ता मी 'एप्रिलमध्ये' म्हणते, १ जानेवारीपासून 'गेल्या वर्षी' म्हणावं लागणार. एका रात्रीत तो एवढा लांब जाणार होता, आणि लोक मला हॅपी न्यू इयर म्हणणार होते.

नवीन वर्षाचा जोर खोटा नसतो हे मी मानते. २०१४ मध्ये हेंगचेन दाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी दाखवलंय की आठवड्याची, महिन्याची, वर्षाची सुरुवात झाली की लोक जास्त जिमला जातात, डाएट बद्दल जास्त सर्च करतात. त्यांचं म्हणणं असं की अशा तारखेला माणूस आपल्या जुन्या 'मी'ला मागे ठेवतो, त्या चुका त्याच्या, आता मी नवा. बरोबर आहे. पण माझा जुना 'मी' म्हणजे दादाची धाकटी बहीण, तिला मी मागे कशाला ठेवू? एरवी ज्याने लोकांना बळ येतं तेच माझ्या अंगावर येत होतं. हे कळल्यावर मी ठरवलं की या वेळी प्लॅन करायचा, पण कोरं पान घेऊन करायचा नाही.

सुरुवात लिहिण्यापासून केली. २७ ते ३० डिसेंबर, चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, टायमर लावून. ही पद्धत जेम्स पेनेबेकर यांची, १९८६ च्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस पंधरा पंधरा मिनिटं स्वतःच्या क्लेशदायक अनुभवांबद्दल लिहिलं होतं, आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पण लिहून झाल्या झाल्या त्यांना जास्तच वाईट वाटलं होतं, हे पण त्याच प्रयोगात आहे, आणि मला तर फारच वाटलं. पहिल्या दिवशी मी नुसतं हॉस्पिटलच्या कॉरिडॉरबद्दल लिहिलं. दुसऱ्या दिवशी राग, त्याने तपासण्या टाळल्या याचा राग, तो मी कोणाजवळ बोलले नव्हते कारण गेलेल्या माणसावर रागवायचं कसं. तिसऱ्या दिवशी, २९ तारखेला, पेन आपोआप एका वेगळ्याच ठिकाणी गेलं. मी लिहिलं, 'आता माझं लहानपण दुसऱ्या कोणालाच माहीत नाही.'

ते वाक्य लिहून मी टायमर बंद केला. खरंच आहे ते. जिन्याखालची आमची जागा, लाइट गेल्यावर आम्ही सांगायचो त्या गोष्टी, बाबा संध्याकाळी आले की चपलांच्या आवाजावरून त्यांचा मूड ओळखायचा आमचा खेळ. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली, आईला आम्ही काय करायचो ते ठाऊक नव्हतं, ठाऊक होऊ दिलं नव्हतं. ते सगळं दोघांचं मिळून होतं आणि आता त्याला साक्षीदार मी एकटी. उद्या मी काही चुकीचं आठवलं तर 'ए, असं नव्हतं झालं' म्हणणारं कोणी नाही. म्हणजे मी एक माणूस गमावलाय आणि त्याच्याबरोबर बाकीचं पण बरंच काही, आणि त्या बाकीच्याची मी यादीच केली नव्हती. केली. धाकटं असणं गेलं. रविवारची रात्र गेली. आईबद्दलचे निर्णय अर्धे अर्धे वाटून घेणं गेलं. बाबांच्या आईची म्हण पूर्ण करणारा गेला, मला पहिला अर्धाच येतो. जुन्या फोटोंमधली माणसं ओळखणारा गेला.

त्या शेवटच्या ओळीपाशी मी थांबले, कारण बाकी कशाला काही उपाय नव्हता, याला थोडा होता.

वहिनीने जूनमध्ये मला बुटांचं एक खोकं दिलं होतं, जुन्या फोटोंचं. दादा ते स्कॅन करून मागे नावं लिहिणार होता, गेल्या वर्षीच्या माझ्या डायरीत १ जानेवारीच्या पानावर आमच्या दोघांच्या प्लॅनमध्ये ते लिहिलेलं आहे, 'फोटो - दादा नावं, मी स्कॅन'. त्या पानावर सात गोष्टी आहेत. मी ३० तारखेला ते पान उघडून प्रत्येकासमोर बसले. तीन मी केल्याच नव्हत्या आणि करायच्याही नाहीत, दरवर्षी सवयीने लिहिते, त्या सोडून दिल्या. पोहायला शिकणं, हे दादा दहा वर्षं माझ्या मागे लागून लिहून घ्यायचा, ते ठेवलं. दोघांनी मिळून करायचा लांबचा प्रवास मात्र मी काट मारून काढून टाकला, एकटीने करून ये म्हणाली एक मैत्रीण, 'त्याला आवडेल,' पण मला नाही करायचा. सगळ्याच अपुऱ्या गोष्टी पूर्ण करायचा भार मागे राहिलेल्यावर का म्हणून, हे माझं ठाम मत झालंय. काही अपुऱ्या राहू द्याव्यात.

मग नवीन वर्षाचं कॅलेंडर. इथे मी जे केलं ते कोणाला उपयोगी पडेल म्हणून नीट सांगते. मी आधी जड दिवस लिहिले. काहीही प्लॅन करायच्या आधी. १७ एप्रिल, शुक्रवार येतोय, सुट्टी टाकायची, आणि १६ तारखेला पण, कारण मला अनुभव आहे की दिवसापेक्षा आदली रात्र वाईट जाते. ९ सप्टेंबर, त्याचा वाढदिवस, ऑफिसला जायचं पण संध्याकाळी कोणाला वेळ द्यायचा नाही. भाच्याचा रिझल्टचा दिवस, आनंदाचाच असेल आणि म्हणूनच जड जाईल. असे एकूण सहा दिवस निघाले, पेन्सिलने हलकी चौकट केली. आणि बघितलं तर काय, बाकीचं वर्ष मोकळं होतं. तोपर्यंत मला आख्खं वर्ष एका काळ्या ढगासारखं दिसत होतं, सहा चौकटी केल्यावर बाकीच्या दिवसांमध्ये जागा दिसायला लागली. त्या जागेत मग पोहण्याचा क्लास टाकला, मार्चपासून, आठवड्यातून दोनदा.

प्लॅन तीनच ठेवले आणि तिन्ही 'असं झालं की असं करायचं' या धाटणीत लिहिले, पीटर गोलविट्झर यांचं यावरचं काम आहे, नुसतं 'व्यायाम करीन' म्हणण्यापेक्षा कधी कुठे काय झाल्यावर करीन हे आधी ठरलं की हातून होतं. माझ्यासाठी याला अजून एक कारण होतं. दुःखात डोकं दमलेलं असतं, दर वेळी नव्याने ठरवायची ताकद नसते, आधीच ठरलेलं असलं की पाय आपोआप जातात. आणि पूर्ण वेळापत्रक कोलमडेल याची भीती होती त्यावर मला फिलिपा लॅली यांचा २०१० चा अभ्यास आधाराला आला. ९६ लोकांच्या सवयी पाहिल्या त्यांनी, एखादी गोष्ट अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवस, पण माणसागणिक १८ पासून पार २५४ पर्यंत, आणि मधे एखादा दिवस चुकला तरी फार फरक पडत नव्हता. मी हे शेवटचं वाक्य डायरीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलंय.

तर ३१ ची रात्र. बाहेर मोजणी सुरू व्हायला अजून दीड तास होता, मी फोन घेऊन बसले. 'फक्त हा' म्हटलं तर पुढच्या रविवारी परत वाजणार, आठ महिने मी तो असाच तर वाजू देत होते. 'सगळे' म्हटलं तर मागचेही जातील, जेव्हा तो होता ते सुद्धा, सात वर्षांचे रविवार, कॅलेंडर मागे सरकवत गेलं की दर आठवड्याला एक निळी पट्टी. मी मागे सरकवत गेले. एका रविवारी त्याच पट्टीत मी नोट लिहिली होती, 'वाढदिवसाचं गिफ्ट विचार, सरळ विचारू नको'. काय घेतलं होतं मी त्या वर्षी, आठवेना, दादाला विचारायला पाहिजे, असं मनात येऊन गेलं. खरंच आलं, इतक्या महिन्यांनंतर सुद्धा. मग मी खूप रडले आणि तसंच रडत 'हा आणि यानंतरचे सगळे' दाबलं. मागचे तसेच राहिले. दादा एप्रिलमध्ये गेला आणि माझ्या कॅलेंडरमध्ये डिसेंबरपर्यंत निळ्या पट्ट्या आहेत, राहू देत.

आणि त्याच जागी, रविवारी रात्री नऊ, नवीन इव्हेंट टाकला, 'आई, पाच फोटो'. त्याची जागा मी दुसऱ्या कोणाला देतेय का असं वाटून एक क्षण हात थांबला होता. पण फोटो त्याचेच काम आहे, आणि ती वेळ रिकामी ठेवली तर मी परत उठून उभी राहणार हे मला माहीत होतं. या वेळी एक फरक केला, संपायची तारीख टाकली. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत. पुढचं पुढे बघू.

आई वहिनीकडेच राहते. मी दुपारी पाच फोटो व्हॉट्सॅपवर पाठवते, भाचा तिला ते टॅबवर मोठे करून दाखवतो, रात्री नऊला आम्ही बोलतो आणि मी मूळ फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने, कडेला, दाब न देता नावं लिहिते. (बॉलपेनने लिहू नका, पुढे उमटतं.) ४ जानेवारीला पहिला रविवार झाला. आईला पहिल्या फोटोला काही बोलताच येईना कारण त्यात दादा चार वर्षांचा होता, शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात घातलेला. वहिनी मागून म्हणाली, 'शेवटपर्यंत तसंच घालायचे,' आणि आम्ही तिघी हसलो, भाचा टॅब धरून बसला होता तो पण. बाबांच्या ऑफिसमधल्या ग्रुप फोटोत आईने अकरापैकी नऊ जण ओळखले, एकाबद्दल तर वीस मिनिटं बोलली, मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की बाबांना एकदा नोकरी सोडायची होती. ११ तारखेला आईला बरं नव्हतं, झालं नाही. १८ ला परत बसलो.

काल पाच पैकी एका फोटोवर आम्ही अडकलो. मी असेन सहा सात वर्षांची, दादा माझ्या शेजारी, आणि आमच्या दोघांच्या मधे एक मुलगा, दात पडलेला, आमच्या खांद्यांवर हात टाकून उभा, अगदी घरचा असल्यासारखा. मला तो अजिबात आठवत नाही. आईने चष्मा काढला, पुसला, परत घातला, टॅब डोळ्यांपाशी नेला. म्हणाली, 'कोण गं हा? तुमच्याच बरोबर असायचा वाटतं कोणीतरी.' मग थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मी फोटो उलटा केला, माझं नाव लिहिलं, दादाचं लिहिलं, आणि मधल्या नावाच्या जागी लिहिलं, 'दादाला माहीत होतं'. आईने विचारलं काय लिहिलंस, मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'बरोबर आहे. पुढचा दाखव.'